दोन फुल्या

स्वतःच्या लघवीवर इतकं मनापासून प्रेम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि गेली तीस वर्षं मी लघवीखेरीज फारसं काही पाहिलेलं नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात, माझी एक लहानशी लॅब आहे. लोक माझ्याकडे येतात ते बाटली कागदात गुंडाळून, कागद पिशवीत घालून आणि पिशवी पदराखाली नाहीतर शर्टाखाली दडवून. टेबलावर ठेवताना कॅलेंडरकडे बघतात. नवऱ्याची बाटली बायको आणून देते. बायकोची बाटली नवऱ्यानं आणलेली मी अजून पाहिलेली नाही. आमचे मामा मात्र आपली बाटली उजव्या हातात, उन्हात धरून, भर रस्त्यानं मिरवत आणत. वाटेत कुणी विचारलं, "काय मामा, कुटं निघालाव?" की बाटली वर करून दाखवत आणि म्हणत, "शनवार न्हवं का आज?" विचारणारा पुढच्या शनिवारी दुसऱ्या रस्त्यानं जाई.

मामा नात्यानं माझे कोणी नाहीत. लॅबच्या समोरच्या बोळात तिसरं घर त्यांचं, आणि सगळा बोळ त्यांना मामा म्हणतो म्हणून मीही म्हणतो. खरं नाव सांगत नाही. रिपोर्टवरचं नाव बाहेर फोडायचं नाही ही धंद्यातली सवय. त्यांचा धंदा नक्षीचा. चादरीवर जो मोर असतो, कमळ असतं, वेल असते, ती मागावर आपोआप उगवत नाही. आधी कुणीतरी बारीक चौकटींच्या भल्यामोठ्या कागदावर एकेक चौकोन भरत ती काढावी लागते. त्या चौकोनाला मामा 'घर' म्हणत. घरात फुली मारली की तिथला दोरा वर येणार, घर रिकामं सोडलं की दोरा खाली राहणार. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठे मागावर चढवायचे, की मोर तयार. वयाच्या सोळाव्या वर्षापासून मामांनी दुसरं काही केलं नाही. आता हे काम संगणक करतो आणि मामांच्या बरोबरीचे सगळे नक्षीवाले केव्हाच घरी बसले, पण आमच्या भागातल्या एका जुन्या कारखानदारांना संगणकाचा मोर आजारी वाटतो. त्यामुळे सत्तरीला टेकले तरी मामांचं काम चालू होतं.

जन्मभर चौकोन भरून त्यांना सगळं जग चौकोनांचंच दिसू लागलं होतं. फरशी दिसली की ते मोजत. देवळात हात जोडलेले आणि नजर जाळीच्या खिडकीवर. लग्नाला गेले तर नवरानवरीकडे न बघता आहेरात आलेल्या चादरींकडे बघत. एकदा कुंभारी गावात माझ्या मेहुणीच्या घरभरणीला मी त्यांना बरोबर नेलं. पाहुण्यांना बसायला चादर अंथरली होती. सगळे बसले, मामा उभेच. बसा म्हटलं तर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "त्या पावण्याला जरा सरकायला सांगा की ओ. त्येंच्याखाली मोर हाय. चोच बघायची हाय." तो पाहुणा मेहुणीचा दीर, वजनानं आणि हुद्द्यानंही भारी. त्याला उठवण्यात आलं. मामांनी गुडघ्यावर बसून चोच पाहिली, मान हलवली, "न्हाई, ह्यो न्हवं" म्हणाले आणि शांतपणे पानावर जाऊन बसले. मेहुणी अजून माझ्याशी त्या दिवसाबद्दल बोलते.

चोचीची गोष्ट अशी. मामा बाविशीत असताना वैशाखातल्या एका दुपारी मोराची नक्षी भरत होते. घसा कोरडा पडला म्हणून ओळीच्या मध्यातच उठले, तांब्याभर पाणी प्याले, मग त्या पाण्यानं आपलं काम केलं म्हणून पुन्हा उठले. परत येऊन बसले ते एक घर सोडून बसले. पुठ्ठे पाडले गेले, माग चालले, चादरी गठ्ठ्यांनी गावोगाव गेल्या, आणि मग मामांच्या लक्षात आलं की मोराची चोच एका घरानं उघडी राहिली आहे. गिऱ्हाइकांनी तक्रार केली नाही. कारखानदारांना तर दाखवूनही दिसली नाही. पण मामा तेव्हापासून तो आ वासलेला मोर शोधत होते. सापडला असता तर त्यांनी काय केलं असतं हे त्यांनाही ठाऊक नसावं. मात्र त्या दिवशी त्यांनी एक नेम धरला. ओळ धरली की ती संपेपर्यंत उठायचं नाही, आणि उठायला लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही. सकाळी दोन कप चहा, की थेट दुपारी चार. सोलापूरच्या उन्हाळ्यात! "पाणी प्यालं की उठणं आलं, आन् उठलं की घर सुटलं," असं ते एखादं सुभाषित सांगावं तसं सांगत. जेवणात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दिवसाआड अंबाडीची भाजी. मुतखडा व्हावा म्हणून कुणी नवस बोलला असता तरी याहून चोख व्रत त्याला सांगता आलं नसतं.

तो यथाकाल झाला. एका सकाळी मामा कमरेत वाकून लॅबमध्ये आले आणि मागून मामी. मामी म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्या विड्या वळत. मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू, आणि तोंड मोकळं. घरात तेलुगू, बोळात मराठी, आणि नवऱ्याशी भांडताना दोन्ही. "नीळ्ळु, नीळ्ळु म्हणून म्हणून माझा घसा वाळला, ह्यांचा वाळंना," त्यांनी मला सांगितलं. नीळ्ळु म्हणजे पाणी. मी नमुना घेतला, तपासला आणि रिपोर्ट लिहून हातात दिला. त्यात स्फटिकांच्या रकान्यात लिहिलं होतं: कॅल्शियम ऑक्झलेट, आणि पुढे दोन अधिकची चिन्हं.

मामांनी चष्मा लावून रिपोर्ट वाचला. कळ विसरले. "सर, ह्या दोन फुल्या कुटल्या घरातल्या हायत?" मी म्हटलं, या फुल्या नव्हेत, हे प्रमाण आहे, एक म्हणजे थोडे, दोन म्हणजे बऱ्यापैकी, चार म्हणजे खच. त्यांना पटलं नाही. "त्ये खरं, पर घर कुटं हाय? फुली हाय म्हंजे घर पायजे की." मागे तीन पेशंट बाटल्या लपवून उभे होते. समजावण्यापेक्षा दाखवणं सोपं, म्हणून मी त्यांना सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. माझ्या आयुष्यातल्या मोठ्या चुकांपैकी ही एक.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. या जातीचा स्फटिक दिसतो तो असा: स्वच्छ, चकचकीत, काचेचा वाटावा असा एक चौकोन, आणि त्याच्या आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक फुली. पाठ्यपुस्तकं त्याला पाकिटाची उपमा देतात आणि तीस वर्षं मीही त्याला पाकीटच समजत होतो. मामा डोळा लावून बसले ते हलेनात. बऱ्याच वेळानं, डोळा न काढता, हळू आवाजात म्हणाले, "सर, हे माजं हाय?"

"तुमचंच."

"हे तर घर हाय की ओ! फुली मारलेलं!" मग आणखी थोड्या वेळानं, "पन्नास वर्सं मी भायेर भरायलोय. मग हितं आत कोन भरायलाय?"

या प्रश्नाला वैद्यकशास्त्रात उत्तर आहे, आणि ते मी त्यांना दिलं. लघवीत क्षार विरघळलेले असतात. पाणी कमी पडलं की ते विरघळून राहू शकत नाहीत आणि त्यांचे स्फटिक होतात. स्फटिक दिसले म्हणजे किडनी गेली असं नाही. धडधाकट माणसालाही कधीमधी दिसतात आणि आपल्या वाटेनं निघून जातात. पण वरचेवर दिसू लागले, सोबत रक्ताच्या नाहीतर पुवाच्या पेशी आल्या, तर ते आत कुठंतरी जमून खडा धरताहेत अशी शंका घ्यायची. खडा वाटेत अडकला की लघवी मागं तुंबते, किडनी फुगते, आणि फुगून राहिलेली किडनी हळूहळू काम सोडते, बहुतेक वेळा मालकाला न सांगता. एवढं सगळं मी सांगितलं. मामांनी एवढंच विचारलं, "पुन्यांदा कधी बघायला येऊ?"

तेव्हापासून शनिवार सुरू झाले. हातात बाटली, काखेत चौकटींचा कागद आणि कानावर पेन्सिल. डोळा भिंगाला आणि हात कागदावर. युरिक आम्लाचे पिवळट, तिरके स्फटिक दिसले त्या दिवशी त्यांनी "शंकरपाळे!" म्हणून एवढ्यानं हाक दिली की बाहेर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या बाईंनी आत डोकावून बघितलं. एखाद्या शनिवारी स्फटिक निघाले नाहीत तर त्यांचा चेहरा उतरे, आणि मी "अहो, चांगलं आहे हे" म्हटलं तर, "तुमाला काय जातंय म्हनायला," असं म्हणून निघून जात. मग एका शनिवारी अचानक इतके स्फटिक निघाले की भिंगात दिसणारा गोल भरून गेला. मला संशय आला. विचारलं, नमुना कधीचा? मामा छताकडे बघू लागले. मामींनी दुसऱ्या दिवशी उलगडा केला. गारठ्यात स्फटिक जास्त धरतात ही गोष्ट मीच कधीतरी बोलून गेलो होतो, आणि मामांनी बाटली रात्रभर फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी ठेवली होती. "मी म्हटलं कशाचा सरबत हाय म्हणून," मामी म्हणाल्या, आणि पुढं काय झालं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. नमुना ताजा हवा, तासाभराच्या आतला, नाहीतर खोटं बोलतो, अशी पाटी मी लॅबमध्ये लावली ती त्या आठवड्यात.

एव्हाना मामांच्या मनात चादर तयार झाली होती. मधोमध फुलीचे चौकोन, काठाला शंकरपाळे. कारखानदारांना त्यांनी कच्ची नक्षी दाखवली. नवीन काहीतरी आहे, मोर नाही, एवढ्यावर ते खूश झाले. कुठून सुचलं असं त्यांनी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "आतनं." कारखानदारांनी याचा आध्यात्मिक अर्थ घेतला.

मग तो शनिवार आला. मामांनी भिंगाला डोळा लावला आणि आनंदानं मांडीवर थाप मारली. "सर, आज छप्पर हाय! कौलारू घराचं छप्पर! बघा की!" मी बघितलं. लांबट, दोन्ही बाजूंना उतरते, खरोखर घराच्या छपरासारखे स्फटिक, आणि त्यांच्या मधल्या जागेत पुवाच्या पेशींची गर्दी. या स्फटिकांचं सौंदर्य मला कधी कळलं नाही, कारण ते बहुधा जंतू आत शिरल्यावर येतात. मामा पेन्सिल शोधत होते आणि मी त्यांच्या कपाळाला हात लावून बघत होतो. कपाळ तापलेलं होतं. डाव्या कुशीत दुखतं का विचारलं तर म्हणाले, "त्ये हाय की आठ दिवसांपास्नं. थांबा, एवढं छप्पर काढतो." मी पहिल्यांदाच त्यांच्या हातातला कागद काढून घेतला, लॅबला कुलूप लावलं आणि त्यांना रिक्षात घातलं.

डावी किडनी खड्यानं तुंबून फुगलेली निघाली. दुर्बिणीतून खडा काढला, नळी घातली, महिना गेला. सुटका झाली, पण सगळी नाही: डॉक्टरांनी सांगितलं की डावी आता नावापुरती, संसार उजवीच्या जिवावर, आणि उजवीतही कण दिसताहेत. औषधापेक्षा पाणी महत्त्वाचं. दिवसाला तीन लिटर, दर तासाला थोडं थोडं, आणि चुकवायचं नाही. उजवी अडली तर पुढं मशीनवर यावं लागेल. हे सगळं मामांनी खाली मान घालून ऐकलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "दर तासाला उठायचं म्हंजे चादर होत न्हाई, सर." आणि घरी जाऊन कागदावर बसले, तांब्या भरलेलाच शेजारी ठेवून.

मी समजावलं, कारखानदारांनी समजावलं, मामी दोन भाषांत समजावून थकल्या. उपयोग झाला नाही. चादर अर्धी भरून झाली होती, डोळे आणखी किती दिवस साथ देतील सांगता येत नव्हतं, आणि हाताची शेवटची नक्षी चोच चुकलेल्या मोरासारखी जावी हे त्यांना कबूल नव्हतं. किडनी काय, ती आत असते. चादर लोकांच्या अंगावर जाते. असं त्यांचं म्हणणं. मी चिडून, "मरायचंय का तुम्हाला?" असंही विचारलं. लॅबवाल्यानं पेशंटला विचारू नये असा प्रश्न आहे हा.

त्यावर तोडगा काढला मामींनी. एका दुपारी मी चौकशीला गेलो तर दृश्य असं: मामींनी सूप बाजूला ठेवलेलं, पदर खोचलेला, आणि त्या कागदाशेजारी मांडी घालून उजव्या हाताचं पहिलं बोट एका चौकोनावर रोवून बसलेल्या. मामा जागेवर नाहीत. "कुठं गेले?" म्हटलं. मागच्या दाराकडे मान उडवून म्हणाल्या, "गेलेत. तीन तांबे प्यालेत सकाळपास्नं."

"आणि तुम्ही?"

"मी घर धरून बसलेय."

आमच्याकडे असं म्हणतात, बाई घर धरून राहिली, तिनं घर धरलं म्हणून संसार टिकला. मामींनी ते शब्दशः केलं. मामा उठले की त्यांचं बोट त्या घरावर. ते येऊन बसले, फुली मारली, की बोट सुटलं आणि हात पुन्हा विडीला लागले. तंबाखूचा डाग कागदाला लागू नये म्हणून दर वेळी त्या बोट आधी पदराला पुसत. दिवसातून दहा वेळा, चार महिने. विड्या कमी पडू लागल्या, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एकदाच त्यांनी नक्षीत लक्ष घातलं. मामांना काठावर छपरं हवी होती. मामी म्हणाल्या, "त्ये न्हाई. त्ये जंतूचं हाय. लोकांच्या अंगावर जंतू घालू नका." आणि छपरं गेली.

चादर झाली आणि चालली. आमच्याकडे शालीऐवजी चादर देऊन सत्कार करायची रीत आहे, त्यामुळे त्या वर्षी आमच्या भागातले एक निवृत्त मुख्याध्यापक, दोन कीर्तनकार आणि एक माजी नगरसेवक भर सभेत मामांचे कॅल्शियम ऑक्झलेट पांघरून हसतमुखानं उभे राहिलेले मी पाहिले. प्रत्येक वेळी मी आणि मामा मागच्या रांगेत खाली मान घालून बसलेलो असू. खरं ओळखलं ते एकट्या डॉक्टरांनी. मामांनी त्यांना भेट म्हणून चादर नेऊन दिली, त्यांनी ती उलगडली, जरा वेळ बघितली आणि म्हणाले, "हे मी कुठंतरी पाहिलंय." मामा म्हणाले, "तुमीच काढून टाकलंव की ओ." मलाही एक मिळाली.

पाण्यानं आपलं काम केलं. शनिवारचे गोल रिकामे दिसू लागले. मी रकान्यात 'आढळले नाहीत' असं लिहून रिपोर्ट हातात देई आणि मामा तो घडी घालून खिशात ठेवत. मग बाटली घेऊन येणंही महिन्यावर गेलं, तीन महिन्यांवर गेलं. कारखानदारांचा मुलगा कामात आला, त्याला संगणकाचा मोर आवडतो. मामा ओट्यावर बसून रस्त्यावरचे पेव्हर ब्लॉक मोजू लागले.

मागच्या वर्षी मामी गेल्या. आजारी नव्हत्या, विड्या वळता वळता बाजूला कलंडल्या. पाणी प्या म्हणून जन्मभर ओरडत राहिलेल्या बाईला शेवटचं पाणी पाजायला मामांना वेळ मिळाला नाही, हे ते मला दोनदा बोलले. त्यानंतर सहा महिने ते लॅबकडे फिरकले नाहीत. मीही फारसा गेलो नाही. काय बोलावं हे मला रिपोर्टशिवाय सुचत नाही.

या चैत्रात एका शनिवारी ते पुन्हा उन्हातून आले. बाटली हातात होती, पण वर धरलेली नव्हती. मी तपासली. गोलात बऱ्यापैकी चौकोन, चौकोनात फुल्या. मी प्रमाणाच्या जागी दोन चिन्हं लिहिली आणि लिहिताना माझ्या लक्षात आलं की मामांनी घरी पुन्हा कागद पुढ्यात घेतला आहे. कुणी काम दिलेलं नव्हतं. ते स्वतःसाठीच काहीतरी भरत होते, आणि उठत नव्हते, कारण उठले की घर धरायला कुणी नव्हतं. एका किडनीचा माणूस, चैत्रातलं ऊन, आणि पाण्याचा तांब्या भरलेला. रिपोर्टमध्ये हे सगळं स्वच्छ दिसत होतं. मी विचारलं तर म्हणाले, "थोडंच ऱ्हायलंय, सर."

त्या दिवसापासून दुपारी लॅब जरा शांत झाली की मी समोरच्या बोळात जातो. तीस वर्षं मी पेशंटकडे बाटलीतून बघितलं आणि ते माझ्या स्वभावाला मानवतं, तेव्हा यात काही मोठेपणा आहे असं समजू नये. मी जातो, तांब्या पुढे करतो, मामा पितात आणि नंतर उठतात. मी बोट पँटला पुसून घरावर ठेवतो. ते काय काढताहेत मला कळत नाही. मोर नाही एवढं नक्की. सुपासारखं काहीतरी आहे.

गेल्या आठवड्यात मी असा बोट रोवून बसलेलो असताना खिशातला फोन वाजला. डाव्या हातानं काढायला गेलो, फोन निसटला, तो पकडायला उजवा हात धावला. मामा परत आले तेव्हा माझं बोट कागदावर होतं, पण कुठं होतं कोण जाणे. म्हटलं, "मामा, घर सुटलं माझ्याकडून."

ते कागदाकडे बघून खाली बसले, पेन्सिल उचलली आणि माझ्या बोटाशेजारच्या घरात फुली मारली. "असू दे की. तिचं बी सुटायचं."

"काय?"

"त्या चादरीच्या टायमाला. डुलकी लागायची तिला बसल्या बसल्या, दिसभर काम करून. बोट सरकायचं. मी यून बघायचो, मला कळायचं की ओ. पन्नास वर्सं घरं मोजलेला माणूस मी." त्यांनी पुढच्या घरात फुली मारली. "बोललो न्हाई. बोललो असतो तर बसली नसती."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. कपाटातली मामांची चादर मी गच्चीवर उन्हात पसरली आणि एका टोकापासून बघत गेलो. उन्हात डोळे दुखू लागले तरी बघत राहिलो. खालच्या डाव्या अंगाला, काठाच्या जरा वर, नक्षीतल्या एका चौकोनातली फुली एका घरानं सरकली होती. सांगितल्याशिवाय कुणाला दिसली नसती. मी बोट पुसलं आणि तिथं ठेवून थोडा वेळ बसलो.